गळाला न लागणारा, ताटात रुचणारा

फ्लोरिडाच्या वायव्य किनाऱ्यावर डेस्टिन नावाचं एक बंदर आहे. मे महिन्यात तिथे ‘एमराल्ड कोस्ट ओपन’ ही स्पर्धा भरते. स्पर्धक पाठीवर हवेच्या टाक्या बांधून समुद्रात उतरतात, हातातल्या भाल्याने एकेक मासा टिपतात आणि बर्फाच्या पेट्या भरभरून धक्क्यावर आणतात. २०१९ साली, स्पर्धेच्या पहिल्याच वर्षी, दोन दिवसांत १४,११९ मासे जमा झाले. स्पर्धेआधीच्या काही महिन्यांतली धरपकड जमेस धरली तर आकडा १९,१६७वर गेला. हे सगळे मासे एकाच प्रकारचे होते : लायनफिश.

एरवी फ्लोरिडात मासेमारीचे नियम कडक. कोणता मासा किती लांबीचा झाल्याशिवाय पकडायचा नाही, कोणत्या महिन्यात हात लावायचा नाही, एका माणसाने दिवसाला किती न्यायचे, सगळं ठरलेलं. लायनफिशला यातला एकही नियम लागू नाही. वर्षभर पकडा, लहान पकडा, मोठा पकडा, कितीही पकडा. साधा भाला किंवा हातजाळी वापरणार असाल तर मासेमारीचा परवानासुद्धा नको. जास्तीत जास्त मासे आणणाऱ्याला सरकारच बक्षीस देतं आणि घरी नेऊन खा म्हणून सांगतं. एखाद्या माशाला समुद्रातून कमी करण्यासाठी सरकार, शास्त्रज्ञ, पाणबुडे, आचारी आणि क्वचित धर्मगुरूही एका बाजूला उभे राहावेत, असं सहसा घडत नाही.

दिसायला हा मासा अतिशय देखणा. अंगावर तांबडे-तपकिरी आणि पांढरे पट्टे, दोन्ही बाजूंना पिसाऱ्यासारखे पसरलेले पर, पाठीवर उभारलेल्या लांब काट्यांची रांग. पाण्यात तो संथ तरंगतो आणि माणूस जवळ आला तरी पळत नाही. त्याला पळण्याची गरज फारशी पडत नाही, कारण पाठीवरचे १३, पोटाखालचे २ आणि शेपटीजवळचे ३ असे एकूण १८ काटे विषारी असतात. त्याचं मूळ घर हिंद महासागर, तांबडा समुद्र आणि पॅसिफिकचा पश्चिम भाग. लक्षद्वीप आणि अंदमानच्या प्रवाळांवर डुबकी मारणाऱ्यांना तो दिसतो. तिथे तो हजारो वर्षांपासून आहे आणि त्याच्यामुळे तिथल्या समुद्राचं काही बिघडलेलं नाही. इतर मासे त्याला ओळखतात, त्याच्यापासून दूर राहतात आणि त्याची संख्या मर्यादेत राहते.

बिघाड झाला तो हाच मासा पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, अटलांटिकमध्ये पोचल्यावर.

तिथे तो स्वतः पोहत गेलेला नाही. त्याला नेलं हौशी लोकांनी, घरातल्या काचेच्या टाकीत ठेवण्यासाठी. अमेरिकेत खाऱ्या पाण्यातले शोभिवंत मासे पाळण्याचा मोठा बाजार आहे आणि लायनफिश हा त्यातला लाडका मासा होता. पण टाकीत तो भराभर वाढतो आणि सोबतचे छोटे मासे गिळून टाकतो. मग कंटाळलेला मालक त्याला नेऊन समुद्रात सोडतो. १९८५ साली फ्लोरिडातल्या डेनिया बीचजवळ असा एक लायनफिश सापडल्याची नोंद आहे. १९९२च्या अँड्र्यू चक्रीवादळात किनाऱ्यावरची एक टाकी फुटून सहा मासे बाहेर पडले आणि तेच या साऱ्याचे मूळपुरुष, अशी एक गोष्ट पुढे वर्षानुवर्षं सांगितली गेली. पण डेनिया बीचची नोंद या वादळाच्या सात वर्षं आधीची आहे आणि सहा माशांच्या गोष्टीला भक्कम पुरावाही कधी मिळाला नाही. माशांच्या जनुकांच्या अभ्यासातून मात्र एक गोष्ट दिसली. अटलांटिकमधली सगळी प्रजा अगदी थोड्या मूळ माशांपासून वाढलेली आहे.

सुरुवातीची पंधराएक वर्षं कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. २०००च्या सुमाराला नॉर्थ कॅरोलायनापासून बर्म्युडापर्यंत लायनफिश दिसू लागले. २००४ला ते बहामा बेटांवर पोचले, त्यानंतर क्युबा, जमैका, केमन बेटं. २००९ला फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाची बेटं आणि दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळचं बोनेअर, २०१०च्या सुमाराला मेक्सिकोचं आखात, २०१४ला थेट ब्राझील. समुद्री माशाने परक्या पाण्यात इतक्या झपाट्याने हातपाय पसरल्याची उदाहरणं फार कमी आहेत.

या वेगाचं कारण त्याच्या प्रजननात आहे. मादी वर्षाच्या आत अंडी घालण्याजोगी होते आणि उबदार पाण्यात दर तीन-चार दिवसांनी अंडी घालते. वर्षाचा हिशेब वीस लाख अंड्यांपर्यंत जातो. ही अंडी चिकट, बुळबुळीत गोळ्यांच्या रूपात वर तरंगतात आणि प्रवाहाबरोबर शेकडो मैल वाहत जातात. फ्लोरिडाजवळून जाणारा गल्फ स्ट्रीम आणि कॅरिबियनमधले प्रवाह यांनी पुढचं काम केलं.

दुसरं कारण त्याच्या शिकारीच्या पद्धतीत आहे. लायनफिश पर पसरून भक्ष्याला हळूहळू कोपऱ्यात गाठतो. कधी कधी त्याच्या तोंडावर पाण्याची बारीक पिचकारी मारतो, मासा गोंधळून तिकडे तोंड वळवतो आणि तसाच गिळला जातो. हिंद महासागरातले छोटे मासे हे ओळखून असतात. अटलांटिकमधल्या माशांनी असला प्राणी कधी पाहिलेलाच नव्हता, म्हणून ते त्याच्यापासून पळतही नाहीत. त्याचं पोट ताणून मूळ आकाराच्या तीसपट होऊ शकतं. स्वतःच्या निम्म्या लांबीचा मासाही तो सहज गिळतो. परिणामी अटलांटिकमधले लायनफिश मूळ घरातल्या भाऊबंदांपेक्षा मोठे होतात, दीड फुटांपर्यंत जातात आणि चांगले लठ्ठ असतात. बहामातल्या न्यू प्रॉव्हिडन्स बेटाजवळ शास्त्रज्ञांना एका हेक्टरात सरासरी ३९०हून जास्त लायनफिश मोजता आले.

त्यांनी काय खाल्लं, याचेही हिशेब मांडले गेले. मार्क अल्बिन्स आणि मार्क हिक्सन या संशोधकांनी बहामात छोट्या छोट्या प्रवाळखडकांवर प्रयोग केला. काही खडकांवर एकेक लायनफिश सोडला, काही तसेच ठेवले. लायनफिश नसलेल्या खडकांशी तुलना केली तेव्हा पाच आठवड्यांत लायनफिशच्या खडकांवर नव्याने येऊन स्थिरावणाऱ्या स्थानिक माशांचं प्रमाण ७९ टक्क्यांनी कमी भरलं. हा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. स्टेफनी ग्रीन आणि सहकाऱ्यांनी २०१२मध्ये प्रत्यक्ष समुद्रातली स्थिती मांडली. दोन वर्षांत ४२ जातींच्या माशांचं एकूण वजन ६५ टक्क्यांनी घटलं होतं. यात पोपटमाशांची पिल्लंही जातात. पोपटमासे प्रवाळांवरचं शेवाळ खरवडून खातात. ते कमी झाले की शेवाळ माजतं आणि आधीच वाढत्या उष्णतेने खंगलेले प्रवाळ त्याखाली गुदमरतात. आपल्याकडे ज्यांना हेकरू आणि तांबोशी म्हणतात त्यांच्या अटलांटिकमधल्या भावंडांवर, म्हणजे ग्रूपर आणि स्नॅपरवर, तिथल्या कोळ्यांचं पोट चालतं. लायनफिश त्यांची पिल्लं खातो आणि त्यांचं खाद्यही पळवतो.

मग याला खाणार कोण? शार्क आणि मोठे ग्रूपर त्याला अधूनमधून खातात, पण संख्या आटोक्यात येईल इतकं नाही. होंडुरासच्या रोआतान बेटाजवळ पाणबुड्यांनी शार्कना भाल्यावरचे लायनफिश भरवून पाहिले. त्यातून धोका असा निघाला की मोठे मासे पाणबुड्याला पाहिलं की खाऊ मिळणार म्हणून अंगावर येऊ लागतात. राहता राहिला माणूस. ग्रूपर आणि स्नॅपर ज्याच्या भुकेपुढे कमी पडले, त्याच माणसाला लायनफिशची चटक लावायची, अशी कल्पना पुढे आली.

फ्लोरिडातल्या की लार्गो गावात ‘रीफ एन्व्हायर्न्मेंटल एज्युकेशन फाउंडेशन’ ही संस्था आहे. तिने २००९मध्ये बहामातल्या ग्रीन टर्टल के बेटावर पहिली लायनफिश स्पर्धा भरवली आणि १,४००हून अधिक मासे गोळा झाले. पुढच्या वर्षी याच संस्थेचे लॅड एकिन्स आणि आचारी ट्रिशा फर्ग्युसन यांचं ‘द लायनफिश कुकबुक’ आलं. एखाद्या माशाला हटवण्यासाठी पाककृतींचं पुस्तक काढावं, ही गोष्ट वर्तमानपत्रांनी उचलून धरली. अमेरिकेच्या ‘नोआ’ या सागरी संस्थेनेही त्याच सुमाराला लायनफिश खाण्याचा प्रचार सुरू केला. बर्म्युडा आणि जमैकात ‘खा आणि हरवा’ अशा अर्थाच्या घोषणा झळकल्या. कोलंबियात तर कॅथलिक धर्मगुरूंनी भाविकांना सांगितलं, की उपवासाच्या दिवसांत मांस वर्ज्य असतं, मासा चालतो, तर मग लायनफिश खा.

लोकांची पहिली अडचण विषाची होती. विषारी मासा खायचा कसा? इथे शास्त्र सोपं आहे. विष असतं ते काट्यांत, मांसात नसतं. प्रत्येक काट्याच्या दोन्ही बाजूंना खोबणी असते, तिच्यात विषग्रंथींचे तंतू असतात आणि वरून पातळ त्वचेचं वेष्टन. काटा टोचला की वेष्टन मागे सरकतं आणि विष जखमेत उतरतं. आपल्या कोळीवाड्यात शिंगाळ्याचा काटा आधी मोडून मगच तो टोपलीत टाकतात, तशीच इथली पद्धत आहे. जाड हातमोजे घालून, कात्रीने काटे मुळापाशी छाटले की पुढचं साफ करणं कोणत्याही माशासारखंच. मासा मेल्यावर विष लगेच निकामी होत नाही, म्हणून हे काम सावधपणे करावं लागतं. पण हे विष प्रथिनांचं बनलेलं असल्याने उष्णतेपुढे टिकत नाही. काही उपाहारगृहं काट्यांसकट अख्खा मासा तळून, पर फुलवलेल्या अवस्थेत ताटात ठेवतात, ते याच भरवशावर.

टोचल्यावरचा प्रथमोपचारही यावरच आधारलेला आहे. सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास, हात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. वेदना कमी होतात. दुखणं मात्र भयंकर असतं, सूज येते, कुणाला मळमळतं, श्वासाला त्रास झाला तर दवाखाना गाठावा लागतो. स्पर्धेच्या बोटींवर म्हणूनच गरम पाण्याचे थर्मास ठेवलेले दिसतात.

चवीबद्दल मात्र फारसा वाद नाही. मांस पांढरं, घट्ट, सौम्य चवीचं, वासाचा फारसा त्रास नाही. मसाला चांगला धरतो. कॅरिबियनमध्ये त्याला लिंबाच्या रसात मुरवून कच्चा खातात, पिठात घोळवून तळतात, टाकोत भरतात, नारळाच्या दुधात शिजवतात. जमैकात तिखट जर्क मसाला चोळून निखाऱ्यावर भाजतात.

खाणारे तयार झाले, तरी पकडण्याचं काम मात्र अवघडच राहिलं. लायनफिश सहसा गळाला लागत नाही. तो खडकांच्या कपारीत आणि बुडालेल्या जहाजांच्या सांगाड्यात राहतो, त्यामुळे जाळं टाकूनही भागत नाही. ट्रॉलर फिरवला तर त्याच्यासोबत प्रवाळही उखडले जातील. उरतो एकच मार्ग : पाणबुड्याने खाली उतरायचं, मासा शोधायचा आणि एकेक करून भाल्याने मारायचा. मासा पळत नसल्याने नेम चुकत नाही, मात्र भाल्यावर तडफडणारा अठरा काट्यांचा मासा हाताळताना अपघात होतात. त्यासाठी ‘झूकीपर’ नावाची नळी निघाली. जाड प्लॅस्टिकच्या या नळीच्या तोंडाशी आतल्या बाजूला वळणाऱ्या पाकळ्या असतात. भाल्यावरचा मासा आत ढकलायचा आणि भाला बाहेर ओढायचा, मासा आत राहतो. काट्यांना हात लावावाच लागत नाही.

काही ठिकाणी कायदाही वाकवावा लागला. बोनेअर बेटाभोवतीच्या सागरी उद्यानात भाल्याने मासेमारी करायला बंदी आहे. लायनफिश दिसू लागल्यावर तिथे निवडक स्वयंसेवकांना प्रशिक्षण देऊन, खास छोटे भाले हाती देऊन, फक्त याच माशासाठी परवानगी दिली गेली. शेजारच्या क्युरसाव बेटावर हे काम उशिरा सुरू झालं. पुढे दोन्हीकडच्या प्रवाळांची तुलना झाली तेव्हा ज्या जागी नियमित शिकार होत होती, तिथे लायनफिश ठळकपणे कमी होते.

बाजाराचा टप्पा आला २०१६ साली. ‘होल फूड्स’ या मोठ्या किराणा साखळीने त्या वर्षीच्या मे महिन्यात फ्लोरिडातल्या दुकानांत लायनफिश विकायला ठेवला. काटे छाटलेला अख्खा मासा, पौंडाला नऊ-दहा डॉलर. अनेक ठिकाणी माल पाहता पाहता संपला आणि मग पुढचा माल कधी येणार हे कुणालाच नीट सांगता येईना. अडचण पुरवठ्याची होती. अर्ध्या किलोच्या माशातून खाण्याजोगं मांस जेमतेम तिसरा हिस्सा मिळतं. बोटीचं इंधन, टाक्यांमधली हवा, पाणबुड्याची मजुरी, खवळलेला समुद्र, हे सगळं त्या मूठभर मांसाच्या किमतीत बसवायचं. त्यामुळे लायनफिश स्वस्त होत नाही आणि स्वस्त झाल्याशिवाय रोजच्या जेवणात येत नाही. बहुतेक वेळा तो समुद्रकिनाऱ्यावरच्या उपाहारगृहांत, पर्यटकांच्या ताटात दिसतो.

खर्च भागवायला मग माशाचे उरलेले भागही कामी आणले गेले. बेलीजमध्ये कोळी कुटुंबांतल्या बायकांनी लायनफिशचे वाळवलेले पर आणि शेपट्या वापरून कानातले आणि गळ्यातले दागिने बनवायला सुरुवात केली. मांस विकून जे मिळायचं त्यात या दागिन्यांची भर पडली. फ्लोरिडात आरव चावडा या पाणबुड्याने उभारलेल्या ‘इनव्हर्सा’ या कंपनीने लायनफिशच्या कातडीपासून चामडं तयार केलं. पातळ, नक्षीदार पोताचं हे चामडं बुटांना आणि पिशव्यांना वापरलं जातं.

अन्नसुरक्षेचा मुद्दाही निघाला. उष्ण समुद्रातल्या काही प्रवाळी भागांत सिग्वाटेरा नावाची विषबाधा होते. सूक्ष्म शैवालातलं विष छोट्या माशांतून मोठ्या शिकारी माशांत साठत जातं आणि ते शिजवून जात नाही. लायनफिशही शिकारी असल्याने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने व्हर्जिन बेटांसारख्या भागांबद्दल सावधगिरीची सूचना दिली. तपासणीत माशाच्या स्वतःच्या विषामुळे खोटा इशारा मिळत असावा, अशी शंका पुढे काही संशोधकांनी मांडली. तरीही सिग्वाटेरा असलेल्या भागातून येणाऱ्या कुठल्याही मोठ्या शिकारी माशाला लागू होणारी काळजी इथेही घेतात.

आता मुख्य प्रश्न. एवढ्या भाल्यांनी आणि ताटांनी समुद्रात फरक पडला का?

लायनफिश अटलांटिकमधून नाहीसा होईल, असं आता कुणीही जबाबदार शास्त्रज्ञ म्हणत नाही. अमेरिकन संशोधकांच्या एका गणिती अंदाजानुसार संख्या खाली आणायची तर दर महिन्याला एकूण प्रौढ माशांपैकी २७ टक्के मासे काढत राहावं लागेल. हजारो मैलांच्या समुद्रात हे अशक्य आहे. एका बेटाने सगळे मासे मारले तरी शेजारच्या बेटाकडून वाहत आलेली पिल्लं पुन्हा वस्ती करतात.

पण स्टेफनी ग्रीन यांच्या गटाने २०१४मध्ये प्रश्न वेगळ्या बाजूने विचारला. सगळे मासे मारणं शक्य नसेल तर किती कमी केल्यावर स्थानिक मासे तग धरतील? त्यांनी बहामातल्या खडकांसाठी प्रत्येकी एक मर्यादा काढली. काही ठिकाणी ७५ टक्के, काही ठिकाणी ९५ टक्क्यांपर्यंत लायनफिश काढावे लागले. जिथे संख्या त्या मर्यादेखाली ठेवली, तिथे स्थानिक माशांचं वजन ५० ते ७० टक्क्यांनी वाढलं. जिथे ठेवली नाही, तिथे ते निम्म्याच्या आसपास घसरलं. लिटल केमन बेटावर पाणबुडे ठरावीक जागी पुन्हा पुन्हा जाऊन लायनफिश काढत राहिले तेव्हा तिथले मासे संख्येने घटले आणि आकारानेही लहान झाले. जमैकातही २०१४ साली पर्यावरण खात्याने किनाऱ्याजवळच्या लायनफिशच्या नोंदी ६६ टक्क्यांनी घटल्याचं सांगितलं.

म्हणजे खाण्याच्या मोहिमेचा उपयोग आहे, पण तो त्या त्या खडकापुरता, आणि तिथे पाणबुडे येत राहतील तोवर. पर्यटकांचे आवडते खडक, ग्रूपरची पिल्लं वाढतात त्या जागा, सागरी उद्यानं, अशा निवडक ठिकाणी शिकार चालू ठेवली तर तिथलं जीवन वाचतं. वर्षातून एकदा स्पर्धा भरवून फोटो काढले आणि अकरा महिने कुणी फिरकलं नाही, तर पिल्लं पुन्हा मोठी होतात. बाजारभावाची गरज इथे पडते. स्वयंसेवक हौसेने काही शनिवार देईल, मासा विकून चार पैसे मिळणारा पाणबुडा दर आठवड्याला जाईल.

मासाही काही शिकतोच आहे. बहामातच दिसून आलं, की ज्या खडकांवर वारंवार भाले चालतात तिथले लायनफिश दिवसा कपारींत खोलवर दडून बसतात आणि कमी हिंडतात. आधीसारखे उघड्यावर तरंगत नाहीत. त्यामुळे उरलेले मासे शोधायला वेळ जास्त लागतो आणि खर्च वाढतो.

आणखी मोठी अडचण खोलीची आहे. मनोरंजनासाठी डुबकी मारणारा पाणबुडा साधारण चाळीस मीटरपर्यंत जातो. लायनफिश तीनशे मीटर खोलवरही पाहिले गेले आहेत. खालच्या काळोखात त्यांना कुणी हात लावत नाही आणि तिथून अंडी वर येत राहतात. नोआचे स्टीव्ह गिटिंग्ज यांनी त्यासाठी वेगळा सापळा बनवला. समुद्रतळावर तो उघडा, सपाट पडून राहतो, मधे एक उभी जाळीची चौकट असते. आमिष काही नाही. कुठल्याही उभ्या आडोशाजवळ जमण्याची लायनफिशची सवय हेच त्याचं आमिष. दोरी ओढून सापळा वर घेतला की बाजू मिटतात, आणि इतर मासे तोवर मोकळे फिरत असल्याने कमी अडकतात. घर झाडणाऱ्या यंत्रमानवांच्या ‘आयरोबॉट’ कंपनीचे सहसंस्थापक कॉलिन अँगल यांनी वेगळी संस्था काढून लायनफिश पकडणारा यंत्रमानव बनवला आणि २०१७ साली बर्म्युडात तो लोकांना दाखवला. तो माशाला विजेचा हलका धक्का देऊन सुन्न करतो आणि नळीत ओढून घेतो. वर बोटीत बसलेला माणूस पडद्यावर पाहत तो चालवतो.

त्याच वर्षी मेक्सिकोच्या आखाताच्या उत्तर भागात लायनफिशच्या अंगावर खोल व्रण दिसू लागले. कारण उमगायच्या आधीच तिथली संख्या बरीच घसरली. भाले न चालवताही घट झालेली ती पहिलीच मोठी घटना. मोजदाद करणाऱ्यांना त्यानंतर स्पर्धांचं यश आणि रोगाचा परिणाम वेगळा काढणं कठीण झालं.

बाजारावर भिस्त ठेवण्याला काही पर्यावरण-अभ्यासकांचा विरोधही आहे. त्यांचं म्हणणं असं, की एकदा एखाद्या परक्या जिवावर लोकांची पोटं चालू लागली की त्याला संपवण्यात कुणाचंच हित उरत नाही. महाराष्ट्रात याचा पडताळा उजनी धरणावर मिळतो. आफ्रिकेतून आलेली तिलापिया, म्हणजे आपली चिलापी, भारतात १९५२ साली आणली गेली. आज भीमेच्या पात्रात आणि उजनीच्या जलाशयात ती सर्वांत जास्त मिळणाऱ्या माशांपैकी आहे. भिगवण परिसरातल्या खानावळी तिच्या थाळीवर चालतात, पुण्याच्या बाजारात ती जाते, आणि एवढं खाऊनही ती घटलेली नाही. ती जाळ्यात सहज येते, स्वस्त विकली जाते, आणि तिच्यावर कोळ्यांची घरं चालतात. लायनफिशच्या बाबतीत हा धोका तूर्त कमी आहे, कारण तो पकडणंच महाग पडतं. पण सापळे स्वस्त झाले आणि निर्यातीचा बाजार वाढला तर हीच चिंता तिथेही लागू होईल.

सध्या या मोहिमेची दुसरी आघाडी भूमध्य समुद्रात उघडली आहे. तिथे टाकीतून सोडलेल्या माशांची कथा नाही. तांबड्या समुद्रातले लायनफिश सुवेझ कालव्यातून आले. १९९१मध्ये इस्रायलजवळ एक सापडला, मग वीस वर्षं शांतता. २०१२ला लेबनॉनजवळ पुन्हा दिसले आणि पुढच्या काही वर्षांत सायप्रस, तुर्कस्तान, ग्रीस, ट्युनिशिया आणि इटलीपर्यंत गेले. सायप्रसने युरोपीय संघाच्या पैशाने २०१७मध्ये ‘रिलायनमेड’ प्रकल्प हाती घेतला. अटलांटिकमध्ये जे प्रश्न आले तेच इथेही आले. हवेची टाकी लावून भाल्याने मासे मारायला तिथल्या कायद्याने बंदी होती, म्हणून प्रशिक्षित पाणबुड्यांच्या गटांना खास परवानगी द्यावी लागली. एका फेरीत खडक साफ होई आणि काही ठिकाणी थोड्याच महिन्यांत पुन्हा भरे, म्हणून फेऱ्या ठरावीक काळाने पुन्हा लावाव्या लागल्या. शेफ मंडळींना बोलावून काटे छाटण्याची, तळण्याची प्रात्यक्षिकं झाली. आधी जाळ्यात आला की समुद्रात फेकून दिला जाणारा हा मासा हळूहळू सायप्रसच्या मासळीबाजारात आणि किनाऱ्यावरच्या खानावळींत दिसू लागला.

पश्चिम भूमध्यात, फ्रान्स आणि स्पेनच्या बाजूला, त्याला आतापर्यंत थंडीने रोखलं आहे. सोळा अंशांच्या आसपास लायनफिशची भूक मंदावते आणि दहा अंशांच्या पाण्यात तो मरतो. तो समुद्र मात्र वर्षागणिक गरम होतो आहे. म्हणून त्या देशांत तो पोचण्याआधीच पाणबुड्यांना आणि कोळ्यांना त्याची ओळख करून द्यावी, दिसल्याची नोंद कुठे करायची हे सांगून ठेवावं, आणि भाल्याचे परवाने व बाजाराची सोय आधी लावावी, असा सायप्रसच्या संशोधकांचा आग्रह आहे. फ्लोरिडात डेनिया बीचच्या पहिल्या माशापासून लायनफिश खाण्याच्या पहिल्या जाहीर प्रचारापर्यंत मधे पंचवीस वर्षं गेली होती.